गावच्या जागा सर्वांच्या कशा होतील?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी अहवालवाचन आणि फराळ ह्यांच्या मध्ये एका सभासद भगिनीने उपयोगाच्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी विषय निवडला आहे तो आपल्या गावातील सार्वजनिक जागांचा. चावडी, पार, देऊळ, नळकोंडाळे, धुण्याचा घाट, दवाखाना, रेशनचे दुकान, एस.टी.चा थांबा, ह्या जागा सर्वांच्या आहेत असे आपण म्हणतो. त्या खरोखर सर्वांना वापरता येतात काय, आणि येत नसतील तर आपण काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

विषय आजच घेण्याला कारणही तसेच आहे. आपल्या ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाचे ठरले आहे. तिचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावलेला असून पुढच्या ग्रामसभेत तो मंजुरीला येणार आहे. त्या नकाशात आपल्या मंडळासाठी एक प्रशस्त दालन दाखविले आहे, म्हणून आपण सर्वजणी आनंदात आहोत. आनंद होणे साहजिकच आहे. इतकी वर्षे आपण कोणाच्या ओसरीवर तर कोणाच्या पडवीत सभा भरवीत आलो. परंतु ते दालन माडीवर आहे, आणि माडीला एकोणीस पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांविषयी मला शेवटी एक मागणे मागावयाचे आहे. ते मागणे का, हे समजावे म्हणून आधी थोडे विवेचन करते.

भगिनींनो, ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे सहजासहजी रुजलेला नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे तिथल्या नगरपालिकेने ठराव करून आधीच खुले केले होते. पण कागदावर खुले असणे आणि ओंजळीत पाणी येणे ह्यांत किती अंतर असते, ते त्या दिवशी साऱ्या देशाला दिसले. पुढे मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे मंदिर दलित बांधवांना खुले करण्याचे मान्य झाले.

ह्या तिन्ही ठिकाणी अडविणारी माणसे होती, म्हणून अडवणूक डोळ्यांना दिसत होती. आज मी ज्या अडवणुकीविषयी बोलत आहे तिथे दारात आडवे असे कोणी उभे नसते. तिथे अडविते ती पायरी, अरुंद दार, उघडे गटार, किंवा अंधार. पायरीचा कोणाला राग येत नाही, तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही. जिला चढता येत नाही ती मुकाट्याने घरी राहते, आणि आपण समजतो की तिला यावयाचेच नव्हते.

अशी माणसे किती असतील? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख लोकांची अपंग म्हणून नोंद झाली. त्यांतले सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे होते. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा २९ लाखांच्या वर होता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. हल्ली ‘अपंग’ न म्हणता ‘दिव्यांग’ म्हणावे असा संकेत आहे. शब्द गोड आहे, आपण तो अवश्य वापरावा. मात्र शब्द बदलल्याने पायरी खाली येत नाही.

शिवाय ज्यांची नोंद कोणत्याच यादीत होत नाही अशांचा विचार करा. आठवा महिना लागलेली सून, कडेवर एक आणि बोटाला एक मूल असलेली आई, गुडघे धरलेल्या सासूबाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले आजोबा, शेतात पाय मुरगळलेला गडी. हिशेब मांडला तर असे दिसेल की, आयुष्यातला बराचसा काळ आपण प्रत्येकजणी ह्यांपैकी कोणी ना कोणी असतो. धडधाकटपणा हा मुक्कामाचा पाहुणा नव्हे, तो येऊन जाऊन असतो.

गेल्या महिन्यात आम्ही सहाजणींनी एका दुपारी गावातून फेरी मारली. आमच्याबरोबर चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या एक भगिनी होत्या, दृष्टी नसलेली एक शाळकरी मुलगी पांढरी काठी घेऊन आली होती, काठी टेकीत एक आजी आल्या होत्या, आणि दिवस गेलेली एक सूनबाई होती. आम्ही चालत्याफिरत्या बायकांनी एकच नियम ठरविला होता: आपण काही सुचवावयाचे नाही, ह्या चौघी सांगतील तेवढे वहीत लिहून घ्यावयाचे. ती वही आज माझ्यापाशी आहे.

दवाखान्याच्या उपकेंद्राला उतार बांधलेला आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो पाहून समाधान मानले असेल. पण तो उतार ओसरीपर्यंत पोचतच नाही. वर गेल्यावर वीतभर पायरी शिल्लक राहते. खुर्चीवरच्या भगिनी म्हणाल्या, “बांधलाय माझ्यासाठी खरा, पण मला न विचारता.” शाळेचा उतार चांगला आहे. मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेच शाळेत अडथळ्याविना जाता आले पाहिजे असे सांगितले आहे. पण त्या उताराच्या तोंडाशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या. रेशनच्या दुकानात फळी छातीइतकी उंच आहे आणि अंगठा लावण्याचे यंत्र त्या फळीवर, आतल्या अंगाला ठेवलेले. खुर्चीवर बसून हात पोचत नाही. म्हणजे धान्य हक्काचे, आणि अंगठ्यासाठी मात्र दुकानदाराची मर्जी.

आजींनी घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाताना तीन वेळा दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून दम घेतला. वाटेत बसावयास गावाची अशी एकही जागा नाही. थांब्यावर शेड आहे, पण बाक मोडलेला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट झाले. पण गाडी फुकट असून थांब्यापर्यंतच पोचता येत नसेल, तर त्या सवलतीचा आजींना काय उपयोग?

शाळकरी मुलीने तर आम्हांला गाव नव्याने दाखविले. पिठाच्या गिरणीचा आवाज, तिथला वास, वडाखालची गार सावली, ह्या तिच्या खुणा. वाट तिला तोंडपाठ आहे. तिला अडचण होते ती जागा बदलणाऱ्या वस्तूंची: आज वाटेत बांधलेली म्हैस, उद्या उभी केलेली ट्रॉली, परवा रचून ठेवलेल्या विटा. गटारावरची एक फरशी निघून गेली आहे, हे तिला पावसाळ्यात पडल्यावर कळले. डोळसांनी ती फरशी निघालेली रोज पाहिली होती. आणि सूनबाईने फक्त एक प्रश्न विचारला: बाजाराच्या दिवशी बाईमाणसाला लघवीला जावयाचे झाले तर गावात जागा कोठे आहे? वहीत त्या प्रश्नापुढची ओळ कोरीच आहे.

आता उपायांकडे वळते. हे सारे इंजिनियर लोकांचे काम आहे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणून आपण मागे सरतो. मी सातवीपर्यंत शिकले. त्या सातवीतले गुणोत्तर येथे पुरून उरते. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उताराचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे एक इंच चढावयाचे असेल तर एक फूट लांबी पाहिजे. हे सूत्र मनात ठेवा: इंचाला फूट. जोते सव्वादोन फूट, म्हणजे २७ इंच उंच असेल, तर उतार २७ फूट लांब हवा. आता नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, आणि वार म्हणजे तीन फूट. नऊ त्रिक सत्तावीस! जोत्याच्या कडेपासून एक लुगडे सरळ पसरून पाहिले की उतार कोठपर्यंत यावयास पाहिजे ते निरक्षर बाईलाही दाखविता येईल. समोर एवढी जागा नसेल तर लुगड्याची घडी घालतो तशी उताराचीही घालता येते. मध्ये वळावयास पाच फूट लांबरुंद सपाट जागा ठेवली म्हणजे झाले. तशीच पाच फूट सपाट जागा उताराच्या वर आणि खालीही पाहिजे, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते.

रुंदी चार फुटांहून कमी नको. दोन्ही बाजूंना धरावयास नळीचा कठडा हवा, आणि त्यात दोन नळ्या हव्यात. एक सुमारे तीन फुटांवर मोठ्यांसाठी, दुसरी अडीच फुटांवर मुलांसाठी आणि खुर्चीवर बसलेल्यांसाठी. नळीची टोके वळवून घ्यावीत, म्हणजे पदर अडकत नाही. कडेला चार बोटे उंचीचा काठ असावा, म्हणजे चाक किंवा काठी बाहेर निसटत नाही. घोटीव, गुळगुळीत फरशी बसवू नये. ती दिसते छान आणि पहिल्या पावसात माणूस पाडते. ओल्या सिमेंटवर गवंडी दोरीने चौकडी उठवितात, ती स्वस्त आणि चांगली. दाराची मोकळी रुंदी तीन फूट ठेवावी आणि उंबरठा काढून टाकावा. पायऱ्या जिथे राहतील तिथे प्रत्येकीच्या काठावर पिवळा पट्टा ओढावा. मोतीबिंदू असलेल्यांना करड्या फरशीवर पायरी कोठे संपते ते दिसत नाही. पिवळ्या रंगाच्या एका डब्याने एखाद्याचे खुब्याचे हाड वाचते.

तालुक्याच्या गावी एका कचेरीत मी उतार म्हणून जे पाहिले, तो घसरगुंडीचा नमुना होता. दोन फूट उंचीला जेमतेम पाच फूट लांबी. त्याच्यावरून शिपाई मोटारसायकल चढवीत होते. असा उतार बांधून नुसता कागद पुरा होतो. म्हणून नुसते ‘उतार करा’ असे म्हणून भागत नाही, ‘इंचाला फूट’ असे म्हणावे लागते.

पाण्याच्या जागेविषयी आपल्यापेक्षा जास्त कोण सांगणार? लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो, वर पितळेचे वजन निराळे. हा हंडा जमिनीवरून उचलताना कंबर मोडते. तोच गुडघ्याच्या वर असलेल्या ओट्यावर भरला तर सरळ कडेवर घेता येतो. म्हणून नळाखाली दीड-दोन फुटांचा एक ओटा असावा, आणि एक तोटी खालीही असावी, म्हणजे खुर्चीवरून किंवा बसून पाणी घेणाऱ्यांची सोय होते. आवळून फिरवावयाच्या चावीपेक्षा दांडीने वरखाली होणारी तोटी चांगली. संधिवाताच्या बोटांना ती चालते. सांडलेले पाणी वाहून जाण्यास ढाळ ठेवला तर शेवाळ धरत नाही. धुण्याच्या घाटावरही सगळे दगड बैठे कशाला? दोन दगड कमरेइतक्या उंचीवर बसविले तर ज्यांना उकिडवे बसवत नाही त्या उभ्याने धुणे धुतील.

शौचालयांची मोहीम २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर झाली, आणि तिने आपल्या लेकीसुनांचा अंधारातला वनवास पुष्कळ कमी केला हे मान्य केलेच पाहिजे. पण सार्वजनिक जागी एक तरी शौचालय असे हवे की ज्यात बसावयास कमोड आहे, उठताना धरावयास भिंतीला दांडा आहे, खुर्ची वळेल एवढी जागा आहे, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडते. दार बाहेर उघडण्याचे कारण साधे आहे. आत कोणी पडले तर दार आत ढकलता येत नाही, बाहेर मात्र ओढता येते. कडी आतून लागली पाहिजे, दिवा लागला पाहिजे, आणि तिथपर्यंतच्या वाटेवरही दिवा पाहिजे. वाटेवरचा दिवा नसेल तर त्या शौचालयाचा बाईला रात्री उपयोग नाही.

बहिऱ्या माणसाला दवंडी ऐकू येत नाही, आणि न शिकलेल्याला फलक वाचता येत नाही. म्हणून लसीकरणाची तारीख असो वा पाण्याची वेळ, गावची खबर कर्ण्यावरूनही सांगावी आणि मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहूनही लावावी. फलक डोळ्यांच्या उंचीवर असावा, पंचायतीच्या छपराखाली नव्हे.

आता थोडे नाजूक बोलते. वडाच्या पारावर बायकांनी बसू नये असा ठराव कोणी केलेला नाही. पण आपल्यापैकी किती जणी तिथे बसल्या आहेत? दुपारी पार मोकळा असतो तेव्हासुद्धा आपण पदर सावरून पारावरून जातो, पाराशी थांबत नाही. त्याचप्रमाणे नवा नळ, नवा दिवा, नवे सभागृह गावाच्या कोणत्या टोकाला बसते, हेही पाहिले पाहिजे. आम्ही फेरीत पावले मोजली. गावठाणाच्या मधल्या आळीतून पंचायत दोनशे पावलांवर आहे. खालच्या वस्तीतून ती नऊशे पावले भरते, आणि त्यात ओढ्यावरचा साकव पावसात बुडतो. कोणी कोणाला येऊ नको म्हणत नाही. अंतरच ते काम करते. फुल्यांच्या हौदाचे नाव घ्यावयाचे असेल तर हा साकव आपण आधी मागितला पाहिजे.

पाराच्या बाबतीत माझे म्हणणे असे की, बायकांसाठी आडोसा करून निराळी जागा मागू नये. अंगणवाडी आणि नळ ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, सर्वांना दिसेल असा, पाठ टेकता येईल असा, दीड फूट उंचीचा एक लांब बाक मागावा. त्याच्या एका टोकाशी खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा सोडावी. तिथे आजी बसतील, मुलांच्या आया बसतील, आजोबा बसले तरी हरकत नाही. जिथे म्हातारी माणसे आणि मुले बसू लागतात, तिथे तरुण मुलीही निर्धास्त बसतात.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, गावात अशी माणसे आहेत किती, मोजून पाचसहा! परंतु विहिरीवर कोण आले ते पाहून तहानेची मोजदाद होत नसते. जे येऊ शकत नाहीत ते दिसत नाहीत, आणि जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी कोणी बांधत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. जोते आखतानाच उतार धरला तर तो अंदाजपत्रकात सामावतो; इमारत उभी राहिल्यावर फोडून करावयाचा झाला तर दुप्पट त्रास होतो. हे घर बांधलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

तिसरा आक्षेप, ‘बघू पुढे, कोठे सक्ती आहे?’ तर सक्ती आहे. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याप्रमाणे इमारतीचा नकाशा सुगमतेच्या नियमांना धरून नसेल तर बांधकामाला परवानगी द्यावयाची नाही, आणि पुरी झाल्याचा दाखलाही द्यावयाचा नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, हे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, त्यांतले किमान काही बंधनकारक केले पाहिजेत. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही. तरीसुद्धा मला वाटते, कायद्याचा बडगा दाखविण्यापेक्षा आपल्या गवंडीदादाला आणि सरपंचबाईंना त्या चौघींबरोबर एकदा गावातून फिरवून आणावे. चाकाच्या खुर्चीत पाच मिनिटे बसून उपकेंद्राच्या वीतभर पायरीपाशी अडले की, कायदा वाचून दाखवावा लागत नाही.

आणि ह्यातून साऱ्या गावाचाच फायदा आहे. उतार झाला की त्यावरून दुधाचे कॅन जातील, गॅसचे सिलिंडर जाईल, मुलाची ढकलगाडी जाईल, बाजाराची जड पिशवी घेतलेली बाई चढेल. पायरीवरून कोणी तरी नेहमीच मागे राहते; उतारावरून कोणीच राहत नाही.

आता माझे मागणे. मंडळाचे दालन माडीवर नको. माडी दहा फूट उंच धरली तरी इंचाला फूट ह्या हिशेबाने १२० फूट उतार लागेल. तेवढी जागा आपल्यापाशी नाही. पाळणा बसविला तर वीज आणि दुरुस्ती कोण पाहणार? नकाशात तळमजल्यावर मागच्या अंगाला सामानाची खोली दाखविली आहे. ती माडीवर जावी आणि मंडळाला तिची जागा मिळावी. मला माहीत आहे, ती खोली दालनाच्या निम्मीच आहे, तिला दालनासारख्या मोठ्या खिडक्या नाहीत. माडीवर वारा छान येईल, शिवणयंत्रे ऐसपैस मांडता येतील, संक्रांतीचे हळदीकुंकू थाटात होईल, हे सगळे खरे. आपल्यापैकी काहीजणींना माझे बोलणे आवडणार नाही, हेही मी जाणते. परंतु आपल्या सभासदांच्या वहीत जी नावे आहेत त्यांतली सात नावे गेल्या वर्षभरात एकाही सभेला आलेली नाहीत. मी सातही घरी जाऊन आले. पाचजणींनी कारण सांगितले ते पायांचे, नाहीतर डोळ्यांचे. एकजण म्हणाली, “वर्गणी देते ना मी, मग माझं नाव काढू नका हं.” भगिनींनो, मंडळ तिच्या वर्गणीवर चालते, आणि आपण मात्र एकोणीस पायऱ्या चढून तिच्यापासून आणखी दूर जाणार काय? मोठ्या दालनात निम्म्या बायका बसण्यापेक्षा लहान खोलीत सगळ्याजणी दाटीवाटीने बसलेल्या बऱ्या. आणि वीस वर्षांनी आपले गुडघे काय म्हणतील, त्याचाही विचार आजच केलेला बरा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावयाची असते, असे कायद्यानेच सांगितले आहे. त्या सभेपुढे ठेवण्यासाठी मी एक ठराव लिहून आणला आहे, तो वाचते: “नव्या इमारतीस जोत्याच्या उंचीच्या बारापट लांबीचा, कठडा असलेला उतार असावा, एक शौचालय सर्वांना वापरता येईल असे असावे, महिला मंडळाची जागा तळमजल्यावर असावी, ओढ्यावरचा साकव ह्याच वर्षीच्या आराखड्यात घ्यावा, आणि नकाशा कायम करण्यापूर्वी गावातील दिव्यांग, वृद्ध व गरोदर भगिनींना जागेवर बोलावून त्यांचे मत नोंदवावे.”

ह्यातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उंची, लांबी, रुंदी पुस्तकात मिळते; गटारावरची निघालेली फरशी पुस्तकात मिळत नाही. ती ज्याच्या पायाखाली येते त्यालाच विचारावी लागते.

गाव करी ते राव न करी, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली. पण त्या गावात सगळे आले पाहिजेत, तरच त्याला गाव म्हणावयाचे. फराळापूर्वी ह्या ठरावावर आपण मोकळेपणाने बोलावे, ज्यांना माडीच हवी असेल त्यांनीही बोलावे, आणि पटल्यास हात वर करून मान्यता द्यावी, अशी अध्यक्षबाईंच्या परवानगीने विनंती करते. ज्या भगिनींना आज येता आले नाही त्यांचे मत घेण्यासाठी उद्या दुपारी मी वही घेऊन निघणार आहे. दोघीतिघी बरोबर आल्या तर बरे होईल.